अर्धा इंच म्हणजे नेमका किती? जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये टॅप आणि डाय हातात घेतलेल्या प्रत्येकाने बीएसडब्ल्यू ही तीन अक्षरं पाहिलेली असतात. ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ. थ्रेडचा कोन 55 अंश, मेट्रिकचा 60 अंश, एवढं व्हायव्हापुरतं पाठ करून आपण पुढे जातो. व्हिटवर्थ हा माणूस होता, गाव होतं की कंपनी होती, हे कुणी विचारत नाही आणि सरही सांगत नाहीत. तो माणूस होता, आणि कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांनीसुद्धा त्याची ओळख करून घ्यावी असं मला वाटतं. मेकॅनिकलवाल्यांनी तर घ्यावीच.

कॉम्प्युटरवाल्यांनी का, ते आधी सांगते. स्टोअरचं, म्हणजे इन्व्हेंटरीचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, टॅली घ्या किंवा मोठ्या कंपन्यांतलं ईआरपी घ्या. मालाचं नाव टाकलं की ते पहिल्यांदा विचारतं, युनिट काय? साधा बोल्ट घेऊ. खरेदी खातं तो किलोवर घेतं, स्टोअरकीपर नगावर मोजतो, विक्री ग्रोसवर म्हणजे 144 च्या हिशोबाने होते, आणि ड्रॉइंगवर त्याचा व्यास इंचात किंवा मिलिमीटरमध्ये असतो. सॉफ्टवेअरला हे चार हिशोब चालत नाहीत. त्याला एक मूळ युनिट लागतं. बाकीची सगळी युनिट्स त्या एकाशी गुणकाने बांधायची. ग्रोस म्हणजे 144 नग हे कुठल्याही मालाला सारखंच लागू. पण एका किलोत किती नग, हे प्रत्येक बोल्टचं वेगळं, म्हणून तो गुणक त्या त्या मालाच्या नावावरच भरावा लागतो. दशांश किती चालतील तेही सांगावं लागतं, नाहीतर स्टॉकमध्ये साडेतीन बोल्ट दिसायला लागतात! आणि एकदा आवक-जावक सुरू झाली की बऱ्याच पॅकेजमध्ये मूळ युनिट बदलता येत नाही. सुरुवातीला जे ठरवलं तेच शेवटपर्यंत.

या सगळ्यात एक गोष्ट आपण न बोलता धरून चालतो. एका कोडखाली स्टॉकमध्ये 500 बोल्ट आहेत म्हणजे ते पाचशेही सारखे आहेत, कुठलाही उचलला तरी चालेल. हे नसेल तर 500 या आकड्याला काही अर्थच नाही. सन 1830 च्या आसपास इंग्लंडमध्ये, म्हणजे यंत्रयुगाच्या माहेरघरी, हे खरं नव्हतं. अर्धा इंच म्हणून घेतलेला बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या अर्ध्या इंचाच्या नटमध्ये जाईलच याची खात्री नव्हती. एकाच कारखान्यातसुद्धा नट ज्या बोल्टबरोबर बनला त्याच्याशीच त्याची जोडी. जोडी हरवली की दोन्ही भंगारात.

जोसेफचा जन्म 21 डिसेंबर 1803 चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावात. वडील शाळामास्तर, पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई तो लहान असतानाच गेली. मुलगा दुसरीकडे शिकायला राहिला आणि चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये मामाच्या सूतगिरणीत उमेदवारीला पाठवलं. मामाचा विचार असा, की पोरगं धंदा शिकेल आणि पुढे गिरणी सांभाळेल. पण भाच्याचं लक्ष सुतात नव्हतंच, सूत काढणाऱ्या यंत्रात होतं. गिरणीतलं प्रत्येक यंत्र त्याने समजून घेतलं आणि एक गोष्ट त्याला खटकत राहिली, की यंत्रं फार ओबडधोबड बनवलेली आहेत. चार-एक वर्षांनी तो तिथून सरळ पळाला आणि मँचेस्टरमध्ये एका कारखान्यात साधा मेकॅनिक म्हणून लागला. गिरणीचा वारसदार होण्यापेक्षा हाताला ग्रीस लागलेलं बरं, असा हिशोब! आपल्याकडे आजही असं कुणी केलं तर घरचे महिनाभर बोलणार नाहीत.

1825 मध्ये त्याने फॅनी अँकर्स नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि दोघं लंडनला गेली. लंडनमध्ये तेव्हा हेन्री मॉड्स्लीचा कारखाना म्हणजे मशीन टूल्सचं विद्यापीठ होतं. मॉड्स्लीच्या हाताखालून गेलेल्यांची यादी वाचली तर त्या शतकातल्या निम्म्या नामवंत यंत्रकारांची नावं त्यात सापडतात. व्हिटवर्थ तिथे काम करत होता, पुढे होल्टझापफेलकडे आणि जोसेफ क्लेमेंटकडे. हा क्लेमेंट म्हणजे चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग बनवणारा माणूस. कॉम्प्युटरच्या इतिहासात बॅबेजचं नाव पहिल्या पानावर असतं, क्लेमेंटचं तळटीपेत. गणित करणाऱ्या त्या यंत्राला एकसारखी, अचूक चाकं लागत होती आणि तशी चाकं बनवण्याची साधनंच तेव्हा नव्हती. ती साधनं आधी बनवावी लागली. क्लेमेंटने टॅप आणि डायच्या आट्यांना शिस्त लावायचा प्रयत्नही केला होता. पुढे व्हिटवर्थने जे केलं त्याचं बी इथलं असावं, असं मानायला जागा आहे.

मॉड्स्लीकडे असतानाच सपाट पृष्ठभागाचा प्रश्न त्याच्या मनात बसला. सपाट म्हणजे काय? दोन प्लेट घ्या, मध्ये एमरी टाकून एकमेकींवर घासा, दोन्ही छान जुळतील. पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असं नाही. एक थोडी फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या तंतोतंत जुळतातच, घड्याळाची काच आणि तिच्यावर बसणाऱ्या वाटीसारख्या. मग उपाय काय? तीन प्लेट घ्यायच्या. पहिली दुसरीशी जुळवायची, दुसरी तिसरीशी आणि तिसरी परत पहिलीशी. फुगीर आणि खोलगट यांची जोडी जमते, पण तिघी एकमेकींशी जमायच्या असतील तर तिघी सपाट असण्याशिवाय दुसरा मार्गच नाही. हे मला भूमितीतल्या एखाद्या प्रमेयासारखं सुंदर वाटतं. बाहेरून कुठलंही माप न आणता, फक्त एकमेकींशी तुलना करून, तीन ओबडधोबड तुकड्यांमधून खरी सपाटी जन्माला येते.

घासण्याऐवजी स्क्रेपरने खरवडायचं, यावर व्हिटवर्थचा खास भर होता. एका प्लेटवर रंग लावायचा, दुसरी तिच्यावर टेकवायची, जिथे रंग लागला तो उंचवटा. तेवढाच खरवडायचा आणि परत टेकवायचं. घासताना एमरी सगळीकडे सारखी फिरते, ती कुठे जास्त कापते हे हातात नसतं. खरवडताना मात्र हवा तोच ठिपका काढता येतो. आपल्या वर्कशॉपमधली सरफेस प्लेट आणि तिच्यावरचा निळा रंग आठवा. ही पद्धत मूळ मॉड्स्लीची की व्हिटवर्थची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण ती लोकांपुढे मांडली व्हिटवर्थने, 1840 मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात निबंध वाचून.

त्याआधी 1833 मध्ये तो मँचेस्टरला परत आला होता. वाफेच्या शक्तीची सोय असलेली एक खोली भाड्याने घेतली आणि बाहेर पाटी लावली, त्यात लंडनहून आलेला टूलमेकर अशी जाहिरात होती. लंडन रिटर्न्ड! त्याच्या लेथ, प्लेनिंग मशीन, ड्रिलिंग मशीन बाजारात गाजायला लागल्या. त्यांचे बेड जाडजूड आणि आतून पोकळ, पेटीसारखे, म्हणजे वजनाच्या मानाने ताकद जास्त. रस्ते झाडणारं घोड्याचं यंत्रही त्याने बनवलं होतं आणि मँचेस्टरचे रस्ते त्याने झाडलेही.

आता मुख्य विषय, आटे.

स्क्रूच्या आट्यांमध्ये ठरवण्यासारख्या तीन गोष्टी असतात. एका इंचात आटे किती, आट्याचा कोन किती आणि खोली किती. प्रत्येक कारखानदाराची यातली आवड वेगळी होती. काहींना तर ती वेगळीच राहायला हवी होती, कारण मग गिऱ्हाईक दुरुस्तीला परत त्याच दारात येणार. (आजकालच्या मोबाइलच्या चार्जरवाल्यांची आठवण झाली ना?) दुरुस्ती करणाऱ्यांचे मात्र हाल. रेल्वे नुकतीच पसरायला लागलेली. इंजिनं वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेली, आणि शेडमध्ये प्रत्येकासाठी वेगळे नटबोल्ट, वेगळे टॅप, वेगळे डाय. एक नट हरवला तर तेवढ्यासाठी नवा नट हाताने बनवायचा. कुठलाही स्टोअरकीपर अशा मालाची यादी करू शकत नाही, कारण त्यातली प्रत्येक वस्तू एकुलती एक.

1841 मध्ये व्हिटवर्थने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत आट्यांच्या एकसारख्या पद्धतीवर निबंध वाचला. त्याने केलेली युक्ती मला फार आवडते. तो हुशार होता, त्याचा कारखाना सगळ्यात अचूक होता, तेव्हा माझे आटे बरोबर आणि तुम्ही सगळे ते घ्या, असं तो म्हणू शकला असता. त्याने तसं केलं नाही. त्याने इंग्लंडमधल्या जितक्या मोठ्या कारखान्यांतून मिळतील तितके बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरासरी काढली. कोनाची सरासरी आली 55 अंश. बस, तोच कोन. इंचाला आटे किती हेसुद्धा व्यासाप्रमाणे सरासरीच्या जवळचं ठरवलं. पाव इंचाच्या बोल्टला इंचात 20 आटे, तीन अष्टमांशला 16, अर्ध्या इंचाला 12, पाऊण इंचाला 10 आणि एक इंचाला 8. आट्याचं टोक आणि तळ, दोन्ही उंचीच्या सहाव्या हिश्शाने गोल करायचे, म्हणजे धार मोडत नाही आणि तळाशी चीर पडत नाही.

शुद्ध गणिताने पाहिलं तर 55 अंश हा काही चांगला आकडा नाही. 60 अंश असता तर समभुज त्रिकोण काढून काम झालं असतं. पण सरासरी घेतल्यामुळे प्रत्येकाला थोडंथोडंच बदलावं लागलं आणि कुणालाही दुसऱ्यापुढे मान तुकवावी लागली नाही. आपल्या ग्रुपमध्ये प्रोजेक्टचा विषय ठरवताना ही युक्ती वापरून पाहा. पण माझ्या मते फक्त सरासरीमुळे हे जमलं नसतं. व्हिटवर्थचा कारखाना त्याच मापाचे टॅप, डाय आणि गेज तयार करून विकत होता आणि ते इतरांपेक्षा अचूक होते. नुसतं टेबल छापलं असतं तर ते लायब्ररीत पडून राहिलं असतं. टेबलाबरोबर हत्यार मिळालं, म्हणून ते रेल्वेत गेलं, आणि रेल्वेत गेलं म्हणून सगळीकडे गेलं. 1860 पर्यंत ब्रिटनमध्ये व्हिटवर्थचे आटे सर्रास वापरात होते.

मधल्या काळात त्याची एक कसोटी झाली. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आरमाराला एकदम कितीतरी छोट्या तोफनौका हव्या झाल्या आणि त्यांना 60 हॉर्सपॉवरची 90 इंजिनं. एका कारखान्याच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं. जॉन पेन या इंजिन बनवणाऱ्याने नमुन्याच्या इंजिनाचे भाग सुटे केले आणि ते देशभरातल्या निरनिराळ्या कारखान्यांना वाटून दिले. प्रत्येकाने आपापला भाग बनवायचा आणि शेवटी सगळं एकत्र जोडायचं. वीस वर्षांपूर्वी हा वेडेपणा ठरला असता. पण आता आटे सगळीकडे एक होते आणि गेजही एक. भाग आले, जुळले आणि इंजिनं वेळेत तयार झाली. आज आपण ज्याला सप्लाय चेन म्हणतो, ती यापेक्षा फार वेगळी नाही.

आट्यांच्या मागे मापाचा प्रश्न होता. सारखं म्हणायचं तर किती सारखं? तेव्हाचा कारागीर पट्टीवरच्या रेघा डोळ्यांनी बघून मोजायचा. बत्तिसावा हिस्सा, चौसष्टावा हिस्सा, आणि त्याखाली थोडं सैल, थोडं घट्ट, केसभर. व्हिटवर्थचं म्हणणं असं, की डोळ्यापेक्षा स्पर्श जास्त खरा. दोन रेघांमधलं अंतर बघण्याऐवजी वस्तूची दोन टोकं दोन सपाट पृष्ठभागांमध्ये धरून मोजा. इथे ती तीन प्लेटवाली सपाटी कामाला आली. टोकंच सपाट नसतील तर मोजणार काय?

1851 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात त्याने मशीन टूल्सची रांगच मांडली आणि त्यात ते प्रसिद्ध मोजणीयंत्र होतं. त्याचं गणित आपण वहीत करू शकतो. एका स्क्रूला इंचात 20 आटे, म्हणजे एका फेऱ्यात तो इंचाचा विसावा भाग सरकतो. त्या स्क्रूवर 200 दात्यांचं चाक. ते फिरवायला वर्म, वर्मच्या एका फेऱ्यात एक दाता. आणि वर्मच्या चाकाच्या कडेवर 250 भाग. 20 गुणिले 200 गुणिले 250, बरोबर दहा लाख. म्हणजे चाक एका खुणेने हललं की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाने सरकतं. मिलिमीटरमध्ये 0.0000254. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा साधारण विसावा भाग.

एवढासा फरक कळणार कसा? टोकामध्ये एक बारीक पातळ पट्टी धरलेली असायची. पकड पुरेशी असली तर ती लोंबकळत राहायची, एका खुणेने सैल केलं की आपल्याच वजनाने खाली पडायची. मोजायच्या दांड्याला बोट लावलं तरी हाताच्या उष्णतेने तो लांबायचा आणि यंत्र ते दाखवायचं. एक मात्र लक्षात ठेवलं पाहिजे. हे यंत्र तुलना करणारं होतं. दोन वस्तूंमधला दहा लाखावा फरक ते दाखवू शकत होतं. एखाद्या वस्तूची लांबी मुळापासून तेवढ्या अचूकतेने मोजणं ही निराळी गोष्ट. मेट्रॉलॉजीच्या पेपरात रिझोल्युशन आणि ॲक्युरसी यातला फरक विचारला तर हे उदाहरण बिनधास्त लिहा.

आणि मग तो युनिटकडे वळला. 1857 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे त्याने दशांशाच्या मापावर निबंध वाचला. त्याच्या आदल्या वर्षी तो त्याच संस्थेचा अध्यक्ष झाला होता. मागणी सरळ होती. अष्टमांश, षोडशांश, बत्तिसांश ही भानगड बंद करा, इंच हे एकच मूळ युनिट धरा आणि त्याचे हजार भाग करा. माप सांगायचं ते हजारांशात. तारेच्या जाडीचे गेज नंबर प्रत्येक गावात वेगळे होते, आणि गंमत म्हणजे नंबर वाढला की तार बारीक व्हायची. तिथेही त्याची सूचना तीच, की तारेचा नंबर म्हणजेच तिच्या जाडीचे हजारांश. 50 नंबरची तार म्हणजे 0.050 इंच. टेबल पाठ करायला नको. आपल्या इन्व्हेंटरीच्या भाषेत, मूळ युनिट एक ठेवा आणि नावातच माप येऊ द्या.

मीटर का नको? तो फ्रेंचांचा होता म्हणून नव्हे. ब्रिटनमधली सगळी यंत्रं, ड्रॉइंग आणि गेज इंचात होती. मूळ युनिट बदलायचं म्हणजे होता तो सगळा स्टॉक मोडीत काढायचा. दशांश मात्र आहे त्या इंचावर चढवता येत होता. व्यवहार म्हणून हे बरोबर होतं, पण मला वाटतं इथे त्याची नजर थोडी आखूड पडली. ब्रिटनला पुढच्या शतकात मेट्रिककडे यावंच लागलं, आणि तोपर्यंत मोडीत काढायचा स्टॉक कितीतरी वाढला होता.

आपल्याकडे हा इंच ब्रिटिश यंत्रांबरोबर आला. रेल्वेची इंजिनं, लँकेशायरहून मुंबईच्या गिरण्यांत आलेली यंत्रं, सगळं इंचात आणि दुरुस्तीचे आटे व्हिटवर्थचे. आपल्या मिस्त्रींनी त्या इंचाचंही देशी रूप केलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. लेथवरचा कारागीर मात्र थाऊमध्ये बोलतो, म्हणजे हजारांशात. एकाच शेडमध्ये सूत आणि थाऊ सुखाने नांदतात. भारत सरकारने 1956 मध्ये वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत आणली, तरी हार्डवेअरच्या दुकानात चार सुताचा बोल्ट मागितला तर दुकानदार डोळा न उचलता काढून देतो.

व्हिटवर्थची सगळीच कामं फळाला आली असं नाही. 1854 मध्ये सरकारने त्याला एन्फिल्ड रायफल बनवण्यासाठी यंत्रं तयार करायला सांगितलं. त्याचं उत्तर त्याच्या स्वभावाला धरून होतं. आधी रायफल कशी असावी हे तर कळू दे, मग यंत्रं. मँचेस्टरच्या फॅलोफिल्ड भागात घराच्या आवारात त्याने 500 यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधून घेतली आणि मध्ये ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे लावले. गोळीने पाडलेल्या भोकांवरून तिचा पूर्ण मार्ग दिसायचा. बरेच प्रयोग करून त्याने षटकोनी नळीची रायफल केली, नळी 0.451 इंचाची. एन्फिल्डची होती 0.577. 1857 च्या चाचण्यांत व्हिटवर्थची रायफल एन्फिल्डपेक्षा कितीतरी अचूक ठरली. 1860 मध्ये विंबल्डनला नेमबाजीच्या स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलने केलं. रायफल स्टँडवर नेम धरून बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. 400 यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली.

तरीही सैन्याने ती घेतली नाही. नळी लहान, काजळी लवकर धरते आणि किंमत जास्त, ही कारणं दिली गेली. काजळीची तक्रार खोटी नव्हती. पण 1871 मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली, तिची नळी होती 0.450 इंचाची. व्हिटवर्थच्या काही रायफली अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या हातात गेल्या. मापाची शुद्धता तिथे माणसं मारायला कामी आली, हेही त्याच्या चरित्रात लिहिलं पाहिजे. तोफांच्या बाबतीतही आर्मस्ट्राँगशी त्याची दीर्घ स्पर्धा झाली. तोफांसाठी पोलाद हवं म्हणून वितळलेल्या पोलादावर प्रचंड दाब देऊन त्यातले बुडबुडे काढायची पद्धत त्याने बसवली. गंमत अशी, की त्याच्यामागे 1897 मध्ये दोन्ही कंपन्या एक होऊन आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ झाली.

आट्यांना अमेरिकेतही प्रतिस्पर्धी भेटला. 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने 60 अंशांचा, सपाट टोकाचा आटा मांडला. त्याचा मुद्दा बिनतोड होता. व्हिटवर्थचा गोल टोकाचा आटा कापायला तीन प्रकारची हत्यारं आणि दोन प्रकारच्या लेथ लागतात, माझा एका हत्याराने होतो. अमेरिकेने सेलर्स घेतला. दोन टेबलं बरीचशी सारखी, पाव इंचाला दोन्हीकडे 20 आटे. पण अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे 12 आणि अमेरिकेत 13. सगळंच वेगळं असतं तर कुणी फसलं नसतं. बहुतेक सारखं आणि एका ठिकाणी वेगळं, हे जास्त वाईट. नट दोन फेरे छान फिरतो आणि मग अडकतो, आणि जोर लावला की आटे जातात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने ब्रिटिश मर्लिन विमान इंजिनं बनवायला घेतली, तेव्हा ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय त्यांना स्वतःच बनवावे लागले. शेवटी 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने मिळून युनिफाइड आटा ठरवला, 60 अंशांचा. आजही स्टोअरच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा इंच बीएसडब्ल्यू आणि अर्धा इंच यूएनसी यांना दोन वेगळे कोड द्यावे लागतात. ज्याने वर्णनात नुसतं अर्धा इंच बोल्ट लिहून सोडलं, त्याचा स्टॉक कॉम्प्युटरवर बरोबर आणि रॅकवर चूक. पाव इंच 20 चं बरं. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी जे भोक असतं, त्यात तेच आटे आहेत. जपानमध्ये बनलेल्या, नखशिखांत मेट्रिक कॅमेऱ्यातसुद्धा.

1868 मध्ये व्हिटवर्थने इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 3000 पौंड बाजूला काढून प्रत्येकी 100 पौंडांच्या 30 शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अट काय, तर गणित आणि मेकॅनिक्सच्या पेपराबरोबर उमेदवाराला हातानेही काम आलं पाहिजे. फाइलिंग, टर्निंग, फिटिंग, लोहारकाम. जर्नल दुसऱ्याचं उतरवून चालणार नव्हतं! तो स्वतः कॉलेजात गेलेला नव्हता. हातात कसब असलेल्याला गणित मिळत नाही आणि गणितवाल्याला कसब, ही दरी त्याने दोन्ही बाजूंनी पाहिली होती. या शिष्यवृत्त्या अजून चालू आहेत.

1869 मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. 1870 मध्ये फॅनी गेली. पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं आणि डर्बीशायरमधल्या डार्ली डेलजवळ स्टॅनक्लिफ हॉल या घरात तो राहू लागला. 1874 मध्ये कारखान्याची लिमिटेड कंपनी केली तेव्हा कामगारांनाही शेअर घेता येतील अशी सोय केली. स्वभावाने तो गोड माणूस नव्हता. सरकारी समित्यांशी तर त्याचं कधी पटलंच नाही. मोजल्याशिवाय बोलणाऱ्याला तो उभा करत नसे.

हिवाळ्यात तब्येतीसाठी तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे जायचा. 22 जानेवारी 1887 रोजी माँटे कार्लोला तो वारला. त्याला डार्ली डेलच्या चर्चमध्ये पुरलं. मूलबाळ नव्हतं. पैसा कसा खर्च करायचा हे त्याने पत्नी आणि दोन मित्रांवर सोपवलं होतं. त्यातून मँचेस्टरला एक बाग आणि कलादालन झालं, विद्यापीठाचा व्हिटवर्थ हॉल झाला आणि डार्ली डेलला दवाखाना. त्या मित्रांपैकी एक रिचर्ड ख्रिस्ती. मँचेस्टरच्या कॅन्सर हॉस्पिटलला आज त्याचं नाव आहे.